शरदातील एक रस्ता

(मंडळाच्या कोजागरी संमेलनात झालेले भाषण)



आजच्या संमेलनात मीही दोन शब्द बोलावेत असा निरोप चिटणिसांकडून आला, तेव्हा विषय त्यांनी माझ्यावरच सोपविला होता. शिक्षण, विवाह, उद्योगधंदे ह्या विषयांवर बोलणारी अधिकारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत व सकाळपासून आपण त्यांची भाषणे ऐकलीही आहेत. माझा सारा जन्म रस्ते बांधण्यात व राखण्यात गेला. रस्त्याखेरीज दुसऱ्या कशावर अधिकाराने बोलावे असे माझ्यापाशी काही नाही. पण कोजागरीच्या रात्री खडी, डांबर व मोऱ्या ह्यांवर व्याख्यान देणे हा श्रोत्यांवर अन्याय झाला असता. म्हणून रस्ताच घेतो, पण शरद ऋतूतला. आणि त्यातही एकच, पुण्याहून वाई, पाचगणी, महाबळेश्वर करून आंबेनळी घाटाने पोलादपुरास उतरणारा.

हाच रस्ता का, असे कोणी विचारील. एक कारण असे, की आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे व कुलदेवतांची स्थाने घाटाखाली आहेत आणि नवरात्रात ह्या रस्त्याने आपल्या पुष्कळ कुटुंबांची ये-जा असते. आठपंधरा दिवसांपूर्वीच ह्या सभागृहातील निम्मी मंडळी त्यावरून जाऊन आली असतील. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ह्या एका रस्त्यावर, सकाळी निघून तिसऱ्या प्रहरापर्यंत, मनुष्याला एकच ऋतू तीन निरनिराळ्या रूपांत पाहावयास मिळतो. असे रस्ते फार नाहीत. आणि जे आपल्याला फुकट मिळते आहे ते आपण न पाहता ओलांडून जातो, एवढेच नव्हे तर आपल्या न पाहण्यामुळेच ते हळूहळू नाहीसे होत आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

शरद हा मुळात प्रवासाचाच ऋतू आहे. पावसाळ्याचे चार महिने नद्या दुथडी वाहत, वाटा चिखलाने बंद होत. म्हणून संन्याशाने सुद्धा चातुर्मासात एका जागी राहावे असा दंडक. रामायणाच्या किष्किंधाकांडात श्रीराम प्रस्रवण पर्वतावर पावसाळा काढतात, आणि शरद उजाडूनही सुग्रीव हालत नाही तेव्हा लक्ष्मणाचा कोप होतो. कालिदासाने रघूच्या दिग्विजयाचे वर्णन आरंभिताना शरदालाच पुढे केले आहे: नद्या उतारायोग्य झाल्या, वाटांवरचा चिखल वाळला, आता निघावयाचे. रस्त्याचा अभियंता म्हणून मला त्या महाकवीचे फार कौतुक वाटते. कमळे व हंस तर सर्वच कवींनी वर्णिले, पण वाळलेल्या चिखलात काव्य आहे हे त्याला दिसले. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करण्याची रूढी पडली तिच्या मुळाशी हेच कारण आहे. मराठ्यांच्या फौजा दसऱ्यानंतर मोहिमेवर बाहेर पडत, कारण त्याआधी घोडा चालत नसे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्रजी पुस्तकांतून आलेल्या 'ऑटम' ह्या शब्दाचे भाषांतर आपण 'शरद' असे करतो, आणि मग आपल्या शाळकरी मुलांच्या चित्रांतून शरद ऋतूत झाडांची पाने गळू लागतात. आपल्या देशात शरदात पाने गळत नाहीत. ती गळतात शिशिरात. आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे गेलेल्या मंडळींनी व्हर्माँटकडील मेपल वृक्षांची लाल-केशरी राने पाहिली असतील. दिवस लहान होऊ लागले की पानांतील हिरवे द्रव्य विघटित होते, खालचा पिवळा रंग उघडा पडतो, आणि तांबडा तर पान गळण्यापूर्वी नव्याने तयार होतो. ते दृश्य भव्य आहे ह्यात शंका नाही. पण मला अधिक भावते ती तेथील लोकांची रीत. कोणत्या भागात रंग किती चढला ह्याची वार्तापत्रे तेथे ऋतुभर सरकारी रीतीने प्रसिद्ध होतात व लोक मोटारी काढून ती पाहावयास जातात. आपला शरद हा मरणाऱ्या पानांचा नव्हे, पिकणाऱ्या गवताचा ऋतू आहे. त्याचे वार्तापत्र मात्र कोणी काढीत नाही.

आता रस्त्याकडे वळू. पुण्यातून सकाळी सहाला निघावे. ह्यापेक्षा उशीर करू नये, कारण शरदातले ऊन फसवे असते. पावसाने हवेतील धूळ धुऊन टाकलेली, आकाशात ढग नाही, वारा पडलेला. त्यामुळे दहानंतर अंग भाजू लागते. 'ऑक्टोबर हीट' हा शब्द आता आपल्या स्त्रियांच्याही तोंडी बसला आहे. वैद्यकातही ह्या ऋतूत पित्ताचा प्रकोप सांगितला आहे तो उगाच नव्हे. उलट पहाटे गवतावर दव असते, व घर सोडण्यापूर्वी दक्षिणेकडे नजर टाकली तर क्षितिजापासून थोडा वर अगस्तीचा ठळक तारा दिसतो. अगस्ती उगवला की पाणी निवळते असे आपले पूर्वज म्हणत. ओढ्यात पाहिले तर ते खरेच निवळलेले असते.

शिरवळपर्यंतच्या हमरस्त्याविषयी मी बोलत नाही. तो मालमोटारींचा आहे, त्यांना लखलाभ असो. नीरा ओलांडून खंबाटकीचा जुना घाट चढू लागले म्हणजे देशावरचा शरद भेटू लागतो. हा पर्जन्यछायेचा मुलूख. बाजरी कापून कणसे खुडलेली, काही रानांत हस्ताच्या पावसावर शाळूची पेरणी चाललेली, आणि बांधांवर तरवडाची पिवळी फुले. मधूनमधून झेंडूची शेते लागतात. दसऱ्याच्या आदल्या दोन दिवसांत ती अशी खुडली जातात, की जाताना केशरी दिसलेले शेत येताना हिरवे दिसते. पडीक रानात कुर्डू उभा असतो. पांढऱ्या-गुलाबी शेंड्यांचे हे साधे तण. शेतकऱ्याला नकोसे, पण सकाळचे ऊन तिरपे असताना कुर्डूचे रान पेटलेल्या समयांसारखे दिसते. मोटारी थांबतात त्या मात्र कुर्डूसाठी नव्हे. अलीकडे पुण्याच्या आसपास रस्त्यांच्या कडेला कॉसमॉस नावाचे नारिंगी-पिवळे फूल माजले आहे. ते मूळचे मेक्सिकोतील. छायाचित्रांसाठी गर्दी होते ती त्याच्यापाशी. ज्या जमिनीवर ते पसरते तेथील आपले गवत मागे हटते, हे त्या गर्दीला कोणी सांगितलेले नसते. कोणी म्हणेल की ज्या झेंडूचे आपण तोरण बांधतो तोही मेक्सिकोचाच. खरे आहे. पण झेंडू आपण लावतो व खुडतो. तो रानात पळून गेला नाही.

आपट्याविषयीही एक शब्द. दसऱ्याला ह्याच पट्ट्यातून आपट्याच्या फांद्यांचे भारे शहरात जातात. पुष्कळदा तो आपटा नसतोच, कांचन असतो. सोने म्हणून द्यावयाचे ते निदान खरे असावे. आणि एक पान दिले तरी सोनेच होते, त्यासाठी फांदी मोडावी लागत नाही.

सुरूरच्या फाट्याला हमरस्ता सोडून उजवीकडे वळले, की वाईपर्यंत वडांची रांग सुरू होते. ह्या वडांपाशी मला थोडा वेळ थांबावयाचे आहे, कारण येथे माझा धंदा व माझी आवड ह्यांचा संबंध येतो.

हे वड असेच उगवलेले नाहीत, ते लावलेले आहेत. जुन्या काळी रस्त्याच्या कडेला वड लावण्याची पद्धत अशी, की पुरुषभर उंचीची जाड फांदी तोडून तिचे खालचे टोक खड्ड्यात पुरावयाचे व वरच्या टोकाला शेणमातीचा गोळा थापावयाचा. फांदी उंच असल्यामुळे गुरांचे तोंड पालवीपर्यंत पोचत नसे. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी घातले की झाड आपले आपण उभे राही. वडच का, तर बैलगाडीला सावली हवी, आणि तीही उन्हाळ्यात हवी. कडुलिंब, चिंच, आंबा हेही लावीत, पण वडाइतका रुंद पसारा कोणाचा नाही. मुळांमुळे भरावाची माती धरून राहते. पारंब्या रस्त्यावर उतरू दिल्या जात नाहीत. मैलकुली त्या वेळच्या वेळी छाटीत. म्हणून ह्या वडांना रस्त्याच्या बाजूने पारंब्या नाहीत व शेताच्या बाजूने आहेत, हे आपण पुढच्या वेळी पाहावे. बुंध्यांवर गेरू व चुन्याचे पट्टे ओढलेले असतात. रात्री दिव्याच्या उजेडात तेच रस्त्याची कड दाखवितात.

शरदात ह्या रांगेखालून जाण्याचे सुख वेगळे आहे. पावसाने पाने धुतलेली असतात, त्यांवर वर्षातली सर्वांत गडद हिरवी झळाळी असते, आणि त्यांतून गाळून येणारे ऊन रस्त्यावर कवडशांची जाळी पसरते. फळे धरलेली असली तर वर तांबट व हरियाल ह्यांची झुंबड. आत शिरताक्षणी गारवा जाणवतो. हा भास नव्हे. पानांतून पाण्याची वाफ होते व आसपासची हवा निवते. गाडीच्या काचा बंद असल्या, तर अर्थात तो गारवा आपल्याला कळत नाही.

रुंदीकरणाची गोष्ट निघाली की ह्या वडांचा प्रश्न निघतो. मी रुंदीकरणाच्या विरुद्ध नाही. आपल्या मोटारी वाढल्या, सुटीच्या दिवशी महाबळेश्वरला जाणारी रांग कोठवर लागते ते आपण सर्व जाणतो. रस्ता अरुंद ठेवून कोणाचे भले होत नाही. पण रस्ता रुंद करणे म्हणजे झाडे तोडणे, हे समीकरण आळसाचे आहे. जुनी रांग मध्ये ठेवून पलीकडून दुसरी मार्गिका काढता येते. ह्याला जमीन लागते, भूसंपादन लागते, काम वर्षा-दोन वर्षांनी लांबते. कंत्राटदाराला ते नको असते, आणि खरे सांगावयाचे तर गावकऱ्यांनाही नको असते, कारण जमीन त्यांची जाते. मग झाडे 'दुसरीकडे लावण्याचा' ठराव होतो. शंभर वर्षांचा वड मुळांसकट उपटून दुसरीकडे जगविणे शक्य आहे, परंतु फांद्या छाटून त्याचा जो खुंट उरतो त्याला पुन्हा वड म्हणावयास आणखी पन्नास वर्षे जावी लागतात. नव्या रोपांचे म्हणाल तर ती पहिल्या उन्हाळ्यात कोण पाणी घालतो त्यावर अवलंबून. एवढे मात्र अनुभवाने सांगतो, की ज्या रस्त्यावर एखाद्या झाडासाठी दहा माणसे येऊन उभी राहिली, त्या रस्त्याच्या नकाशात ते झाड वाचविण्याची वाट सापडली. जेथे कोणी आले नाही, तेथे ती कोणी शोधलीही नाही.

वाई ओलांडली की पसरणीचा घाट. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरांवर, पाचगणी सुमारे १,३०० मीटरांवर. ही चढण बारा-तेरा किलोमीटरांत संपते. डाव्या-उजव्या वळणांनी वर जाताना खाली कृष्णेचे खोरे उलगडत जाते. वाईचे घाट व देवळे, पांडवगड, पश्चिमेस धोम धरणाचे पाणी. शेते ह्या दिवसांत चौकटीचौकटींची दिसतात, कारण काही पिके निघाली आहेत, काही उभी आहेत व काही रानांत नांगर चालला आहे. अफझलखानाने १६५९ चा पावसाळा वाईस काढला व पाऊस सरल्यावर तो जावळीच्या रानात उतरला, ही गोष्ट मुलांना सांगावयाची तर ती ह्याच वळणांवर. भूगोल डोळ्यांसमोर असला की इतिहास पाठ करावा लागत नाही.

ह्या रस्त्याचे मर्म पावसात आहे. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात व आपले पाणी माथ्यावर टाकतात. पलीकडे उतरताना ते कोरडे झालेले असतात. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. वाईस हजारही पडत नाही. अंतर फक्त तीस-बत्तीस किलोमीटरांचे. म्हणजे एका तासाच्या प्रवासात आपण एका हवामानातून निघून दुसऱ्यात शिरतो, आणि त्याची जाहिरात रस्त्याच्या कडेला केलेली असते. बाभूळ व तरवड मागे पडतात, दगडांवर शेवाळ येते, मातीचा रंग काळ्याचा तांबडा होतो.

तो तांबडा दगड म्हणजे जांभा. पाचगणीचे टेबललँड, साताऱ्याकडील कासचे पठार ही सर्व जांभ्याची. लक्षावधी वर्षांच्या पावसाने काळ्या पाषाणातील इतर द्रव्ये धुऊन नेली व लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहून त्यांचे हे कठीण कवच बनले. त्यावर माती बोटभर, कोठे तेवढीही नाही. झाडाला मूळ धरावयास जागा नाही. उन्हाळ्यात तेथे तापलेल्या तव्याखेरीज काही दिसत नाही. अशा सड्याकडे पाहून कोणालाही वाटावे की ही पडीक जमीन आहे. सरकारी कागदांत पुष्कळदा तसेच लिहिले जाते, आणि जमिनीचे दलालही तसेच सांगतात.

भाद्रपदाच्या अखेरीपासून आश्विनाच्या मध्यापर्यंत हाच सडा पाहावा. पाऊस त्यावर साचून राहतो, व ते पाणी ओसरत जाते तसतशी फुलांची पाळी बदलते. पांढऱ्या गेंदाची बटणे पसरतात, त्यांच्या मधून सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले, कडेने तेरडा, मग कवला, आणि शेवटी सोनकी येते ती सारा उतार पिवळा करून टाकते. सीतेची आसवे हे नाव किती कोमल! पण ती वनस्पती कीटकभक्षक आहे. जांभ्याच्या मातीत नत्र फार थोडे. म्हणून तिने मातीखाली, पाण्यात, मोहरीपेक्षा बारीक फुगे तयार केले आहेत. त्यांच्या तोंडावरच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव लागला की झडप उघडते व डोळे मिटण्याच्या आत तो पाण्यासकट आत ओढला जातो. जेथे काहीच नाही तेथे कसे जगावे, हे ह्या बोटभर रोपाला उमगलेले आहे. सात-आठ वर्षांतून एकदा कारवी फुलते तेव्हा उतारच्या उतार जांभळे होतात. बी धरले की ते झाड मरते. तिच्याच वाळक्या काठ्यांनी आपल्या आज्यांची कुडाची घरे उभी राहिली. मधमाश्यांना कारवीचे वर्ष म्हणजे पर्वणी. महाबळेश्वराजवळचे मांघर हे तर २०२२ साली देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले आहे.

कासचे पठार पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर २०१२ साली जागतिक वारशात गणले गेले. तेव्हापासून तेथे एवढी गर्दी लोटू लागली, की दिवसाला किती माणसे आत सोडावीत ह्याची मर्यादा घालावी लागली. ती योग्यच आहे. पण फुले म्हणजे कास, आणि कासचे तिकीट मिळाले नाही म्हणजे शरद बुडाला, ही समजूत खुळेपणाची आहे. पाचगणी ते महाबळेश्वर ह्या एकोणीस किलोमीटरांत रस्त्याच्या कडेला जांभ्याचे लहानलहान उघडे तुकडे आहेत. तेथे गाडी बाजूला घ्यावी, उतरावे व कडेलाच उकिडवे बसून पाहावे. आत पाऊल टाकू नये. माती बोटभर आहे हे मी मघाशी सांगितलेच. एका बुटाखाली पुढच्या वर्षीचे बी दडपले जाते. ह्या तुकड्यांना ना कुंपण, ना पाटी, ना पहारा. त्यांतले काही दर वर्षी उपाहारगृहाच्या आवारात, मोटारी उभ्या करण्याच्या जागेत वा कोणाच्या बंगल्याखाली जातात. हा सारा प्रदेश २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे, तरीही जातात. आपल्या ज्ञातीतही तेथे बंगले घेणारी भाग्यवान मंडळी आहेत. त्यांनी राग मानू नये, पण जमीन घेण्यापूर्वी ती एकदा आश्विनात पाहावी, एवढी माझी विनंती आहे. दलाल ती नेहमी उन्हाळ्यात दाखवितो.

महाबळेश्वराविषयी मी थोडक्यात आटोपतो. बाजारपेठ पाहावयाची तर ती कोठेही आहे. स्ट्रॉबेरीची लावणी ह्याच दिवसांत चाललेली असते, एवढे मुलांना अवश्य दाखवावे. ताटलीतले फळ कोठून येते हे त्यांना कळले तर बरे. क्षेत्र महाबळेश्वरी पाच नद्यांचे उगम मानतात. कृष्णा आणि कोयना पूर्वेच्या सागराकडे, सावित्री पश्चिमेच्या. एकाच डोंगरावरच्या पाण्याचे हे दोन संसार. आपण येथून पुढे सावित्रीच्या बाजूने उतरतो.

आंबेनळी, म्हणजे जुन्या कागदांतील फिट्झगेराल्ड घाट. चाळीस किलोमीटरांत १,२०० मीटरांहून अधिक उतार. शरदात ह्या घाटाचे रूप असे असते, की पावसाळ्यातले धबधबे बारीक होऊन कातळावर चांदीच्या तारांसारखे उरलेले, कड्यांवर तेरडा व सोनकी लोंबलेली, समोर प्रतापगड इतका स्वच्छ की तटाचे दगड मोजावेत. परतीच्या वाटेवर निघालेले चतुर हवेत थव्यांनी तरंगत असतात. परंतु हा घाट नुसता सुंदर आहे असे म्हणून पुढे जाणे मला शोभणार नाही. २०२१ च्या जुलैमध्ये, २२ व २३ तारखांच्या दरम्यान, महाबळेश्वरी चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. घाट ठिकठिकाणी तुटला. पोलादपूर तालुक्यात दरडी कोसळल्या, आणि महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर आला त्यात ऐंशीहून अधिक माणसे गेली. जो पाऊस सड्यावर सोनकी फुलवितो तोच हा. डोंगराच्या उतारावर पाणी जिरावयास व वाहून जावयास वाट हवी. रस्त्याच्या आतल्या कडेचे गटार बुजले, किंवा मोरीच्या तोंडाशी माती साचली, की पाणी भरावात शिरते व पहिली दरड तेथे सुटते. म्हणून शरदात ह्या घाटाने उतरताना मी फुले पाहतो तशा मोऱ्याही पाहतो. आपणही पाहाव्यात. कठड्याचा दगड निसटलेला दिसला, गटार बुजलेले दिसले, तर जवळच्या बांधकाम कचेरीस एक पत्र टाकावे. पुढच्या ज्येष्ठापर्यंत आठ महिने हातात असतात. काम करण्याचा काळही शरदच.

आणि मग पोलादपूर, समुद्रसपाटीपासून शंभर मीटरांच्याही खाली. हा तिसरा शरद, भाताचा. काच खाली केली की पहिल्यांदा वास येतो, पिकल्या भाताचा, ओल्या पेंढ्याचा. हळवे भात कापून बांधांवर पसरलेले, गरवे अजून हिरवट-सोनेरी उभे, वरकस उतारांवर नाचणी व वरीची कणसे वाकलेली. खळी सारवून तयार असतात. अलीकडे परतीचा पाऊस लांबतो व नेमक्या कापलेल्या भातावर पडतो. २०१९ साली ऑक्टोबर सरेपर्यंत तो थांबला नव्हता, व पेंढ्यातच दाण्याला मोड आले. कोजागरीच्या चांदण्यात आकाश निरभ्र पाहून आपण शहरात आनंदतो. घाटाखालचा शेतकरी त्याच आकाशाकडे दहा वेळा पाहून झोपतो.

आजची पौर्णिमा तिकडे नवान्न पौर्णिमा. आंब्याच्या पानात भाताची लोंबी, नाचणी, वरी, झेंडू आणि कुर्डूचे फूल बांधून ते 'नवे' दाराला बांधावयाचे. खंबाटकीच्या पडीक रानात ज्या कुर्डूकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, त्याला येथे दारावर भाताच्या शेजारी जागा आहे. आपल्या किती घरांत आज नवे बांधले गेले? मी हात वर करावयास सांगत नाही.

गेल्या काही वर्षांत मी पाहतो, की आपली कुटुंबे ह्या रस्त्याने पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक वेळा जातात. ही आनंदाची गोष्ट आहे. आमच्या लहानपणी एस्. टी. ची जागा मिळविणे हेच सीमोल्लंघन होते. पण आता गाडीच्या काचा चढलेल्या, आत यंत्राची थंडी, पुढे नकाशा बोलतो आहे, मागे मुले आपापल्या हातातील पडद्यांत बुडालेली; आणि देवीच्या दारी पोचल्यावर प्रौढी कशाची, तर साडेचार तासांत आलो ह्याची! देवीला आपल्या वेळेचा हिशेब नको असतो. बरे, मुले पाहत नाहीत असे म्हणावे, तर त्यांना दाखविणारे कोण? आईबापांनाच तेरडा व कुर्डू ह्यांतला भेद ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे ती आपल्या घरातली सत्तरी-ऐंशीची माणसे, घाटाखाली जन्मलेली, अनवाणी ह्याच डोंगरांवर गुरे वळलेली. त्यांना आपण प्रवासाचा त्रास नको म्हणून घरी ठेवतो.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. पुढील वर्षी भाद्रपद वद्य पक्षात, पितृपंधरवड्यात घरी अडचण नसेल अशा एका रविवारी, मंडळाने ह्या रस्त्याने एक बस काढावी. सकाळी सहाला निघावे. सुरूरच्या वडाखाली न्याहारी, पाचगणीच्या पुढे जांभ्याच्या कडेला अर्धा तास, घाटात दोन ठिकाणी विसावा, आणि पोलादपुराकडे भाताच्या बांधावर जेवण. मुक्काम करावयाचा की त्याच रात्री परतावयाचे हे मंडळाने ठरवावे, मुक्काम बरा. गाडी वातानुकूलित नसावी. प्रत्येक थांब्यावर रस्ता, झाड वा दगड ह्यांविषयी जे मला येते ते सांगावयास मी येईन. घाटाखाली जन्मलेली निदान सहा वृद्ध माणसे बरोबर असावीत व त्यांच्याकडून वर्गणी घेऊ नये. ती रक्कम मी देतो. खिडकीच्या जागा मुलांना द्याव्यात, आणि त्यांच्या शेजारच्या ह्या वृद्धांना.